रविवारच्या पानावर म्हाताऱ्या कुत्र्यांना दोन ओळी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या दुकानात रोज येतो अन् मी तो मागून वाचतो, म्हणजे आधी छोट्या जाहिराती, मग निधनवार्ता, मग वेळ उरला तर राजकारण. दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी असाच वाचत बसलो होतो, लॅब्राडॉरची पिल्लं विकणे आहे, जर्मन शेफर्डची पिल्लं विकणे आहे, पॉमेरियन पिल्लं एकदम पांढरीशुभ्र विकणे आहे, अन् त्याच वेळी माझ्या पायाशी एक म्हातारी पॉमेरियन बसलेली होती, जी मला तासाभरापूर्वी दुकानाच्या शटरला बांधलेली सापडली. गळ्यात नायलॉनची दोरी, शेजारी पारले बिस्किटचा पुडा. पुडा फोडलेला नव्हता. बिस्किट विकत आणायला वेळ होता पण फोडून समोर ठेवायला थांबता आलं नाही माणसाला, हे मला त्या दोरीपेक्षा जास्त लागलं.

तर पत्र त्यासाठी. पिल्लं विकायला पेपरात जागा आहे तशी म्हाताऱ्या कुत्र्याला घर शोधायला पण दोन ओळींची जागा पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. का पाहिजे ते सांगतो, जरा लांबेल, कापायचं तिथं कापा.

माझं भुसावळला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. यावल, रावेर, मुक्ताईनगरकडचे केळीवाले शेतकरी जळालेली मोटार घेऊन येतात, कॉइल भरून वॉर्निश सुकेपर्यंत बसतात, चहा पितात, केळीचा भाव कसा पडला ते सांगतात. मला कुत्र्यांचं काही येड नव्हतं, घरात कधी पाळलं नाही. सहा वर्षांपूर्वी गल्लीतलं एक कुटुंब बदली होऊन पुण्याला गेलं, जाताना त्यांचा लॅब्राडॉर, शेरू, माझ्याकडे ठेवून गेले, आठ दिवस सांभाळा दादा, फ्लॅट लागला की नेतो. पहिला महिना फोन आले, मग सोसायटीवाले नाही म्हणतात असं आलं, मग फोनच आला नाही. (आता माहीत झालं की सोसायटीला असं सरसकट नाही म्हणताच येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच सांगून ठेवलंय की बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. तेव्हा माहीत असतं तर मीच फोन करून भांडलो असतो.)

शेरू आठ वर्षाचा होता. तीन दिवस त्यानं काही खाल्लं नाही. वाइंडिंगच्या टेबलाखाली वॉर्निशच्या वासात पडून राहायचा अन् बाहेरून ॲक्टिव्हा गेली की ताडकन उठायचा. त्यांच्या घरी ॲक्टिव्हा होती. आता भुसावळात ॲक्टिव्हा किती, दिवसभरात हजार जात असतील रस्त्यावरून, अन् हा प्रत्येक वेळी उठायचा, शटरपर्यंत जायचा, बघायचा, परत येऊन पडायचा. मागचे पाय दुखायचे त्याचे, उठायला त्रास व्हायचा, तरी उठायचा. चौथ्या दिवशी आमच्या हिनं दुधात भाकर कुस्करून हातावर घेतली तेव्हा खाल्लं.

मग मी घर शोधायला लागलो. व्हॉट्सॲपवर टाकलं, लॅब्राडॉर, फ्री. ती माझी पहिली चूक. दोन दिवसात तीस-पस्तीस फोन, मी तर खूष. जातीचे पेपर आहेत का? मेटिंगला चालेल का? फार्महाऊसवर बांधायला पाहिजे, रात्री भुंकतो का? अन् शेवटी वय किती. आठ म्हटलं की फोन कट. एक जण मला समजावत होता, भाऊ तुम्ही दोन वर्षाचा सांगून टाका, कोण बघतंय. अरे पण तोंडावरचे केस पांढरे झालेत त्याचे, ते काय कलप लावून लपवू? तेव्हापासून मी वय सगळ्यात आधी लिहितो अन् फ्री हा शब्द लिहीत नाही. फोन तीनच येतात पण ते तीन माणसांचे असतात.

शेरूला घेतलं ते वरणगावकडच्या एका आबांनी. फॅक्टरीतून रिटायर, घरातलं माणूस दोन वर्षांपूर्वी गेलेलं, मुलगा सुरतला. बोअरची मोटार घेऊन आले होते, चार तास बसले, त्यात शेरूनं कधी त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवली कोणास ठाऊक. आबांनी पाय हलवला नाही. मग विचारायला लागले, चावतो का? म्हटलं नाही. भुंकतो का? फार नाही. मंग करतो काय? म्हटलं काही नाही आबा, बसतो. तर म्हणे, मंग मी बी तेच करतो ना भो.

मी लगेच दिला नाही. घर बघून आलो, पंधरा दिवस ठेवा, नाही जमलं तर मी घेऊन जातो असं सांगितलं, अन् त्याच्यासोबत त्याचं गोणपाट, त्याचं ताट अन् आठ दिवसाचं त्याच्या सवयीचं खाणं पाठवलं. जाणकार लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात, तीन दिवस घाबरलेला, तीन आठवड्यात घराचं टाइमटेबल कळतं, तीन महिन्यात घर आपलं वाटतं. शेरूचं तसंच झालं, तिसऱ्या आठवड्यात आबांचा फोन, आज खाटेखाली झोपला. पुढं तीन वर्षं जगला तो. लॅब्राडॉर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो, म्हणजे भरपूर झालं. शेतात लिंबाखाली पुरला. मी नंतर एकदा दुसऱ्या कुत्र्याचं विचारलं तर आबा म्हणे पुन्हा नको भो, लय जीवाला लागतं. मी पण मग विचारलं नाही.

लोकांना वाटतं म्हातारं कुत्रं म्हणजे आजारी कुत्रं. तसं नसतं. लॅब्राडॉर, शेफर्ड अशी मोठी जात सातव्या वर्षापासून म्हातारी धरतात, पॉमेरियनसारखं लहान कुत्रं दहाव्या वर्षापर्यंत पळतं अन् चौदा-पंधरा वर्षं जगतं. म्हणजे दहा वर्षाचं पॉमेरियन घेतलं तरी चार-पाच वर्षांचा संसार आहे की. अन् पिल्लू आणलं की काय होतं ते मी दुकानात बसून रोज ऐकतो, चपला फाडल्या, वायर कुरतडली, गादीवर केलं, रात्री रडतं, सहा महिन्यांनी तोच माणूस विचारतो तुमच्याकडे कोणी घेणारं आहे का. मोठं झालेलं कुत्रं बाहेर जायची वेळ पाळतं. केवढं वाढणार, चावणार का, लेकरांशी कसं वागणार, सगळं समोर दिसतं, त्यात फसवणूक नाही. डोळ्यात निळसर झाक दिसली की लोक आंधळं झालं म्हणतात, पण बऱ्याच वेळा ते वयामुळं भिंग घट्ट होतं त्याचं असतं, मोतीबिंदू नसतो, दिसतं त्याला. डॉक्टरला दाखवलं की कळतं.

खर्च नाही असं मी म्हणणार नाही, खोटं बोलून दिलेलं कुत्रं परत येतं. रेबीजचं इंजेक्शन दर वर्षी, सात-एकची म्हणजे सात रोगांवरची एकत्र लस, जंताची गोळी, गोचीड. आपल्याकडे गोचिडाचा ताप फार, कुत्रं सुस्त पडलं, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या की घरगुती इलाज करत बसू नये, रक्त तपासायचं. अन् सांधे दुखतात म्हणून आपल्या डब्यातली अंगदुखीची गोळी तर अजिबात द्यायची नाही, आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. मला हे डॉक्टरनं रागावून सांगितलं कारण मी अर्धी गोळी द्यायच्या बेतात होतो, कबूल करतो.

खाण्याचं आपल्या खान्देशात वेगळंच अवघड. कांदा-लसणाशिवाय आपल्याकडे शिजतं काय? भरीत असो, शेवभाजी असो, काळ्या मसाल्याचा रस्सा असो, अन् कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, रोज थोडा थोडा गेला तरी. आपण रश्शात भाकर चुरून ताट पुढं सरकवतो अन् समजतो लाड केले. साधं वरण फोडणी द्यायच्या आधी वाटीभर बाजूला काढायचं, त्यात भाकर भिजवायची, दात पडलेले असले तर जास्त भिजवायची, कधी अंडं. जमतं ते.

अन् ऊन. भुसावळचा मे महिना मी सांगायला नको, पारा 45 च्या पुढं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतो तो, म्हाताऱ्याचं ते पण कमी होतं. दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवायचंच नाही, पहाटे अन् रात्री. ओलं गोणपाट, कूलरसमोर कोपरा, दोन भांडी पाणी. पॉमेरियनला उन्हाळ्यात पूर्ण टक्कल करतात काही लोक, ते पण चूक, त्या केसांनी ऊन अडतं, विंचरून गुंता काढला की पुरतं. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर जुन्या चटया टाका, मागचे पाय घसरतात अन् मग कुत्रं एका जागी बसून राहायला लागतं, लोक म्हणतात आळशी झालं.

माझं चुकलं ते पण लिहितो. दुसरा कुत्रा मी एका बागायतदाराला दिला, ओळखीचा होता, घर बघायला गेलो नाही. महिन्यानं मोटार द्यायला शेतात गेलो तर पत्र्याच्या शेडखाली दीड हात साखळीला बांधलेला, पाण्याचं घमेलं कोरडं, वर दुपारचं ऊन. नऊ वर्षाचं घरात गादीवर झोपलेलं कुत्रं ते. मी काही न बोलता साखळी सोडली अन् बाइकवर पुढं बसवून घेऊन आलो, तो माणूस आता मोटार दुसरीकडे भरतो. बरं झालं. तो कुत्रा माझ्याकडेच राहिला शेवटपर्यंत, सात महिने.

एका आजींची कुत्री होती चिंगी, आजी गेल्यावर मुलं दहाव्याला आली तेव्हा सगळ्या वस्तूंच्या वाटण्या झाल्या, टीव्ही कोणाचा, कपाट कोणाचं, चिंगी कोणाचीच नाही. तिला शेवटी आजींकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशींनी नेलं, दोन खोल्यांचं घर, तीन पोरं. मी म्हटलं मावशी परवडेल का? तर म्हणे ती मले ओळखते ना दादा, तिले बाकी कोन राहिलं. इंजेक्शनचे पैसे मी देतो, बाकी त्यांचं त्या बघतात. बंगलेवाल्यांनी घेतलेलं मी एकच उदाहरण सांगू शकतो अन् ते पण पिल्लू होतं.

कायद्याचं म्हणाल तर पाळलेलं जनावर भुकेनं-तहानेनं हाल होतील असं सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम 11 प्रमाणे गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. पन्नास रुपयांत कोण घाबरतं, स्टेशनबाहेर दोन माणसांचा चहा-नाष्टा होत नाही त्यात. भटक्या कुत्र्यांचे 2023 चे नियम आहेत, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, उचललं तिथंच परत सोडायचं. 22 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भटकं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर पालिकेकडे अर्ज करून घ्या, पण घेतलेलं परत रस्त्यावर येता कामा नये. चांगलं आहे. पण घरातून रस्त्यावर येणारं जे आहे त्याचं काय? घरचं कुत्रं हायवेला नशिराबादकडे कुठंतरी सोडलं की त्याला ट्रक कळत नाही, दुसऱ्या कुत्र्यांची हद्द कळत नाही, चारी बाजूनं चावे खातं, घाबरून एखाद्या लेकराच्या अंगावर जातं, मग आपणच पेपरात वाचतो भटक्या कुत्र्यांचा उच्छाद. नसबंदी झालेली नसली तर सहा महिन्यात पिल्लं वेगळी. पालिकेनं कितीही गाड्या फिरवल्या तरी मागून भर टाकणारे आपणच.

लष्करातून निवृत्त झालेले कुत्रे सुद्धा आता मेरठच्या त्यांच्या सेंटरमधून लोक अर्ज करून घरी नेतात. म्हणजे रिटायर कुत्र्याला घर द्यायचं ही काही जगावेगळी गोष्ट नाही, फक्त आपल्याकडे कोणाकडे आहे अन् कोणाला पाहिजे ते एकमेकांना कळत नाही. माझ्याकडे कळतं कारण मोटारी जळतात. जो शेतकरी चार तास बसतो त्याला मी मोबाईलवर फोटो दाखवतो. सहा वर्षांत अशी अकरा कुत्री नवीन घरी गेली, सगळी सात वर्षांच्या पुढची. पण मला धरणगाव, चोपडा, धुळे, शहाद्याचं माणूस कुठून भेटणार, तिकडे तुमचा पेपर जातो.

तर मागणी अशी की रविवारी छोट्या जाहिरातीत एक छोटी चौकट ठेवा, बिनपैशाची, फक्त सात वर्षांपुढच्या कुत्र्यांसाठी (मांजरं पण घ्या, माझी हरकत नाही), विक्री नाही, वय लिहिणं सक्तीचं. पिल्लांच्या जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही, तुमचा धंदा आहे. जागा महाग असते हे मान्य, पण श्रावणात साबुदाण्याच्या सात प्रकारांना अर्धं पान देता ना साहेब, त्यातला एक प्रकार कमी करा.

देणाऱ्यांना पण सांगा की निघायच्या आदल्या रात्री फोन करू नका. बदलीची ऑर्डर हातात पडली, फ्लॅटचं टोकन दिलं, घरातलं म्हातारं माणूस दवाखान्यात गेलं, त्या दिवशी सांगा. दोन महिने मिळाले तर घर सापडतं, दोन दिवसात शटरच सापडतं. अन् खरं लिहा. फटाक्याला घाबरतो, दुसऱ्या कुत्र्याशी जमत नाही, रात्री एकदा बाहेर न्यावं लागतं, सगळं. मादी असेल अन् नसबंदी नसेल तर आधी करून घ्या, नाही तर म्हातारी आहे हे दिसत असून पण पिल्लांसाठी नेणारे येतात, मला येऊन गेलेत. शिवाय वय झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो, माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी फार पाणी प्यायला लागते, सुस्त होते, तेव्हा उशीर झाला तर जीव जातो.

शटरला बांधलेलीचं तेच निघालं. डॉक्टर म्हणाले नऊ-दहा वर्षांची असेल, बऱ्याच वेळा व्यालेली आहे, आचळं पार लोंबलेली, गर्भाशय खराब व्हायला लागलेलं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आता जिना चढते. आमच्या पोरीनं तिचं नाव पारू ठेवलं, पारलेवरून. बिस्किट ती अजून खात नाही, बाकी सगळं खाते. माझ्याकडे सध्या दोन आधीचे आहेत अन् घरात आता बोलणी बसायला लागली आहेत, म्हणून चौकट सुरू करणार असाल तर पहिली जाहिरात माझीच घ्या, मजकूर तयार आहे, एक शब्द बदलू नका:

देणे आहे. पॉमेरियन मादी, वय अंदाजे 10, नाव पारू. नसबंदी व रेबीज लस झालेली. चार दात नाहीत, भाकर भिजवून लागते. एकटी ठेवली तर दारापाशी बसून राहते, म्हणून दिवसभर घरात कोणीतरी असणारं घर पाहिजे. दोरी दाखवली की थरथरते, पट्टा चालत नाही, पण मागं मागं चालते. पिल्लांसाठी येऊ नये, होणार नाहीत. पंधरा दिवस ठेवून बघा, मी स्वतः आणून सोडीन. चौकशी दुकानावर, नंबर संपादकांकडे दिला आहे.

आपला,
एक रोजचा वाचक, भुसावळ
(नाव छापू नये, शटरला जागा नाही.)